वाऱ्याचे बारा आणे



आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न येतो, "किती देते?" दुभत्या म्हशीबद्दल विचारावं तसं आपण गाडीबद्दल विचारतो. रंग कोणता, इंजिन केवढं, ब्रेक कसे, हे सगळं मागाहून. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते याला मुंबईत 'अ‍ॅव्हरेज' म्हणतात, आणि गिरगाव, लालबाग, परळ, दादर या आपल्या पट्ट्यात याचं उत्तरही वर्षानुवर्षं ठरलेलं आहे : शहरात बारा-तेरा, हायवेला अठरा. सिग्नल नसला, गर्दी नसली की गाडी जास्त देते. हा अनुभव खोटा नाही. पण त्याच्या पोटी एक समज घट्ट होऊन बसला आहे, की रस्ता जितका मोकळा आणि गाडी जितकी सुसाट, तितकं पेट्रोल वाचणार.

या समजाची परीक्षा घेणारे रस्ते आपल्या दाराशी आले ते २०२४ साली. जानेवारीच्या १२ तारखेला शिवडीहून समुद्रावरून पलीकडे चिर्ल्याला नेणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. मार्चपासून मरीन ड्राइव्हहून वरळीकडे जाणारा कोस्टल रोड टप्प्याटप्प्यानं खुला होत गेला. लालबाग-परळच्या ज्या माणसाची गाडी जन्मभर दुसऱ्या गिअरमध्ये रांगली, त्याला घरापासून दहा मिनिटांवर ताशी १०० किलोमीटरचा रस्ता मिळाला.

परळचे एक टॅक्सीवाले माझ्या ओळखीचे आहेत. त्यांची गाडी सीएनजीवर चालते. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून त्यांना सेतूवरून जाणारी भाडी मिळतात. ते मला म्हणाले, "काका, सेतूवर एक सिग्नल नाही, एक खड्डा नाही, कुणी आडवा येत नाही. तरी परत येताना गॅस असा जातो, की जणू मी भायखळ्याला ट्रॅफिकमध्ये अडकलोय. गाडीत काही बिघडलंय का?" गाडी ठणठणीत होती. त्यांच्या गॅसचा हिशेब मात्र या नव्या रस्त्यावर वेगळ्याच पद्धतीनं होत होता.

आधी आपल्या जुन्या रस्त्याचा हिशेब पाहू. प्रार्थना समाजापासून निघालो आणि भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ करत दादर टीटीला पोचलो की आठेक किलोमीटर होतात. माणसं धरून एक टन वजनाची छोटी गाडी घ्या. वाटेत ती वीस वेळा थांबली, दर दोन थांब्यांमध्ये ताशी ४० पर्यंत गेली आणि पुन्हा ब्रेक लागला, असं समजू. पंधरा मिनिटं ती नुसती उभी राहून घुरघुरत होती. पेट्रोलमधली बरीचशी उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे हवेत जाते. ती कुठल्याही रस्त्यावर जाते, म्हणून ती बाजूला ठेवू. उरलेल्या खर्चाचा एक रुपया मानू, आणि तोही जुना, सोळा आण्यांचा. तरुण श्रोत्यांनी हे आजोबांना विचारून घ्यावं. या रुपयातले साधारण सहा आणे ब्रेकमध्ये जातात. गाडीला वेग देण्यासाठी जे पेट्रोल जाळलं, त्याची ब्रेक लावताना उष्णता होते आणि ती ब्रेकच्या तबकड्यांतून उडून जाते. पाच आणे टायर खातात, कारण टायर रस्त्यावर क्षणोक्षणी दबतो आणि पुन्हा फुगतो, आणि या दबण्या-फुगण्यात शक्ती मुरते. चार आणे नुसतं उभं राहण्याचे. वाऱ्याचा वाटा उरतो एक आण्याचा.

एक आणा! त्यामुळे या रस्त्यावर वाऱ्याचा विचार कुणी केला नाही, आणि करण्याचं कारणही नव्हतं. बोरीबंदर ते दादर धावणारी मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. तिचं तोंड कपाटासारखं सपाट होतं, आणि ते कुणाला खटकलं नाही. डबलडेकर बसची छाती त्याहून मोठी. त्या वेगाला वारा कुणाकडे काही मागत नाही. मागतो तो ब्रेक. म्हणूनच शहरात अ‍ॅव्हरेज हवं असेल तर पुढचा सिग्नल लांबून पाहून पाय आधीच काढावा, हा जुन्या टॅक्सीवाल्यांचा शहाणपणा अगदी पक्का आहे. त्यातला एक भाग मात्र आता टाकून द्यायला हवा. केम्प्स कॉर्नरचा किंवा पेडर रोडचा उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची, ही कार्ब्युरेटरच्या काळातली सवय. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर ठेवून पाय काढला तर इंजिनाकडे जाणारं पेट्रोल संगणक जवळजवळ पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये टाकली तर इंजिन जिवंत ठेवायला त्याला पेट्रोल सोडावंच लागतं. शिवाय उतारावर न्यूट्रल गाडी पूर्ण ताब्यात राहत नाही. म्हणजे बचत नाहीच आणि धोका वर.

आता सेतूवर जाऊ. रेडिओवर आकृती काढता येत नाही, म्हणून एक कल्पना करा. हवा आपल्याला दिसत नाही म्हणून तिला वजन नाही असं वाटतं. पण एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा खोक्यात मावणारी मुंबईची हवा एक किलोहून थोडी जास्तच भरते. (जाता जाता सांगतो : दमट हवा आपल्याला जड वाटते, पण ती कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या वाफेचा कण नायट्रोजनच्या किंवा प्राणवायूच्या कणापेक्षा हलका. जड होतो तो आपला सदरा.) छोट्या गाडीचं तोंड समोरून मोजलं तर दोन चौरस मीटरच्या आसपास. ती ताशी १०० नं निघाली की दर सेकंदाला सुमारे ६४ किलो हवा तिच्या वाटेत येते. ही हवा आजूबाजूला ढकलायची, मागे जागा करून द्यायची, आणि मागे जी भोवऱ्यासारखी घुसळण होते तिचाही भार ओढायचा. गाडी हे काम दर सेकंदाला करत असते. लालबागमधून ताशी २५ नं जाताना हीच हवा १६ किलो असते, आणि ती सावकाश बाजूला होते.

नेमकं इथेच सगळं गणित आहे. वेग दुप्पट केला की सेकंदाला दुप्पट हवा समोर येते, आणि तिला दुप्पट जोरानं सारावंही लागतं. म्हणून हवेचा रेटा चौपट होतो. तो चौपट रेटा सोसत गाडी सेकंदाला दुप्पट अंतर काटते, म्हणून इंजिनाला हवेसाठी लागणारी शक्ती आठपट होते. टायरांचं तसं नाही. त्यांची ओढ वेगानं फारशी बदलत नाही. आपल्या एक टनाच्या गाडीला ती सुमारे बारा किलोची. कुणीतरी मागून दोरी लावून बारा किलोचं वजन टांगलं आहे असं समजा. आता हवेचा रेटा पाहा. ताशी २५ ला दोन किलो. ताशी ६० ला साडेअकरा किलो, म्हणजे इथे वारा टायरांच्या बरोबरीला आला. ताशी ८० ला वीस किलो, १०० ला बत्तीस, १२० ला सेहेचाळीस. ही गोलाकार बांध्याच्या छोट्या गाडीची, कागदावर काढलेली गणितं आहेत. तुमच्या गाडीचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, चढण्याची रीत हीच राहील.

अश्वशक्तीत सांगायचं तर सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ही गाडी ताशी ६० नं चालती ठेवायला जेमतेम पाच अश्वशक्ती पुरते. ८० ला साडेनऊ, १०० ला सोळा, १२० ला पंचवीस. साठ-सत्तर अश्वशक्तीचं इंजिन असलेल्या गाडीला ६० वर ठेवायला पाच पुरतात, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. उरलेली ताकद ओव्हरटेकला, घाटाला आणि शेजाऱ्याला दाखवायला.

कुणी म्हणेल, वेगानं गेलो तर लवकर पोचलो, म्हणजे इंजिनही कमी वेळ चाललं. बरोबर आहे, म्हणून हिशेब किलोमीटरमागे करू. सेतूवर छोट्या गाड्यांना ताशी १०० ची मर्यादा आहे. ८० नं गेलात तर टायरांचे बारा आणि वाऱ्याचे वीस मिळून बत्तीस किलो ओढायचे. १०० नं गेलात तर बारा अधिक बत्तीस, चव्वेचाळीस. दर किलोमीटरला काम तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढलं. जास्त भार असताना इंजिन जरा बऱ्या रीतीनं चालतं, म्हणून पेट्रोल तेवढं वाढत नाही. एक चतुर्थांशाच्या आसपास वाढतं. सेतू २१.८ किलोमीटरचा. ८० च्या जागी १०० ठेवले तर सव्वातीन मिनिटं वाचतात आणि साधारण पाव लिटर पेट्रोल जास्त जातं. मुंबईत पेट्रोलनं लिटरला शंभरी ओलांडली ती मे २०२१ मध्ये. शंभर रुपये धरले तरी सव्वातीन मिनिटांचे पंचवीस रुपये झाले. ज्याला विमान गाठायचं आहे त्याला ते स्वस्त वाटतील. दिवसातून चार-पाच वेळा तोच पूल ओलांडणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या दृष्टीनं ती संध्याकाळची भाजी आहे. सोळा आण्यांच्या भाषेत बोलायचं तर ताशी १०० ला बारा आणे वारा घेऊन जातो आणि टायरांना चार आणे उरतात. ब्रेकचा तर पत्ताच नाही.

पण आमच्या टॅक्सीवाल्यांची तक्रार परतीच्या प्रवासाबद्दल होती, आणि आतापर्यंतचं सारं गणित वारा पडलेला असताना केलेलं आहे. सेतूवर वारा पडलेला क्वचितच असतो.

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून गार हवा आत येते. ते खारे वारे. रात्री उलट, जमिनीवरून समुद्राकडे, ते मतलई. परीक्षेनंतर बहुतेकांनी हे सोडून दिलं. मच्छीमारांनी सोडलं नाही, कारण त्यांची होडी त्यावर चाले. मुंबईत थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत दुपार झाली की पश्चिमेचा, वायव्येचा वारा धरतो आणि संध्याकाळपर्यंत राहतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा. आता शिवडीचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. सेतू शिवडीहून पूर्वेकडे जातो. म्हणजे दुपारी विमानतळाकडे जाताना वारा पाठीवर आणि परत येताना तोंडावर.

ताशी ३० किलोमीटरचा वारा घेऊ. खाडीच्या उघड्या पुलावर तो काही वादळ नव्हे. गाडी ८० नं चालली आहे आणि वारा समोरून ३० नं येतो आहे. काटा ८० दाखवतो, पण हवेच्या दृष्टीनं गाडी ११० नं घुसते आहे. रेटा वीस किलोंवरून एकोणचाळीसवर जातो. टायरांचे बारा धरून एक्कावन्न. म्हणजे समोरच्या वाऱ्यात ८० नं येणं हे वारा पडलेला असताना १०० नं जाण्यापेक्षा महाग. त्याच वाऱ्यात १०० ठेवले तर सहासष्ट किलो, वारा पडलेला असतानाच्या दीडपट. आमच्या टॅक्सीवाल्यांचा पाय १०० वर होता. त्यांच्या गॅसचं गूढ एवढंच. परतीला किलोमीटरमागे गेलेला गॅस खरोखरच भायखळ्याच्या गर्दीतल्या गॅसच्या जवळपास पोचत होता. तोंडावर वारा असताना साठ-सत्तरवर उतरलं की ओढ अडतीस ते पंचेचाळीस किलोंच्या दरम्यान येते, आणि पूर्ण पूल धरून सहा-आठ मिनिटं जास्त लागतात. गाडी रिकामी परतत असेल तर ही मिनिटं द्यायला हरकत नसावी.

यावर ते म्हणाले, "मग जाताना वारा पाठीवर असतो, तिथे भरून निघत असेल की." हा प्रश्न मला फार आवडला, कारण इथे भले भले फसतात. जाताना मिळालं आणि येताना गेलं, हिशेब शून्य. तसं होत नाही. ताशी ६० च्या गाडीचे आकडे पाहा. वारा नसेल तर ओढ साडेतेवीस किलो. जाऊन येऊन सत्तेचाळीस. ३० चा वारा तोंडावर असेल तर अडतीस, पाठीवर असेल तर पंधरा, बेरीज त्रेपन्न. पाठीवरचा वारा देतो साडेआठ आणि तोंडावरचा घेतो साडेचौदा. रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून चढताना तो भराभर चढतो आणि उतरताना हळूहळू उतरतो. सावकाराच्या वहीसारखं आहे हे; जमेचा दर वेगळा, नावेचा वेगळा. ज्यांनी मरीन ड्राइव्हवर सायकल मारली आहे त्यांना हे पायांनी ठाऊक आहे. नरिमन पॉइंटकडे जाताना वाऱ्यानं मांड्या भरून आणल्या, तर चौपाटीकडे परत येताना तेवढी मौज मिळाली असं कधी वाटत नाही.

कोस्टल रोडचं चित्र निराळं. तो दक्षिणोत्तर जातो, म्हणून समुद्राचा वारा बहुतेक वेळा बगलेतून येतो. गाडीचा आकार समोरची हवा कापण्यासाठी घडवलेला असतो. तिरप्या वाऱ्यात तो तितका उपयोगी पडत नाही आणि ओढ थोडी वाढते. उंच, हलक्या गाडीचं स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं ते वेगळंच. पण तिथे वेगमर्यादा ८० ची असल्यानं हिशेब फार बिघडत नाही. गंमत आहे ती मलबार हिलच्या पोटातून जाणाऱ्या दोन किलोमीटरच्या बोगद्यांत. जाणाऱ्यांचा बोगदा वेगळा, येणाऱ्यांचा वेगळा. एका दिशेनं धावणाऱ्या गाड्या आतली हवा आपल्यापुढे ढकलत नेतात, इंजेक्शनच्या पिचकारीत दट्ट्या ढकलावा तशी. त्यामुळे आत शिरलेल्या प्रत्येक गाडीला थोडासा पाठीवरचा वारा मिळतो, बाहेर समुद्रावर काहीही चाललेलं असो.

गाडीचा बांधा हाही वाऱ्याच्याच खात्यातला विषय. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती. दाराच्या काचेपुढे छोटी त्रिकोणी काच, ती तिरपी केली की वारा थेट छातीवर यायचा. वेग वाढला की ती काच शीळ घालायची. ती शीळ म्हणजे घुसळलेल्या हवेचा आवाज. काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या टपावर सामानाचा कॅरिअर असे. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. तिचा बांधा, तिची काच, तिचा कॅरिअर, यातलं काहीच मुंबई सेंट्रल ते दादर या प्रवासात महाग नव्हतं. त्या वेगाला वारा एका आण्यावर खूश होता.

तोच कॅरिअर गणपतीत महाग पडतो. लालबाग-परळचा चाकरमानी कोकणात निघाला की टपावर ट्रंक, गाठोडी, मखराचं सामान, आणि वर प्लॅस्टिकचा कागद फडफडत असतो. गाठोड्याला ना तोंड ना शेपूट. त्यानं वाऱ्याचा रेटा सहज दीडपट होतो. लालबागच्या पुलावर दोनाचे तीन किलो झाले, कुणाला कळलंही नाही. पनवेल सोडून ८० चा वेग धरला की वीसचे तीस झाले. हेच सामान डिकीत किंवा पायाशी बसवलं तर वाऱ्याला त्याची खबरही लागत नाही. वजन तेवढंच राहतं, आणि सपाट रस्त्यावर वजनाचा त्रास वाऱ्याच्या मानानं थोडा. परत आल्यावर पुष्कळ जण कॅरिअर पुढच्या वर्षासाठी तसाच ठेवतात. नुसत्या रिकाम्या दांड्याही वर्षभर वारा अडवत राहतात. आणि हल्ली दादरच्या टॉवरखाली ज्या उंच, थोराड गाड्या उभ्या दिसतात, त्या तर बांध्यानंच कॅरिअर चढवून आलेल्या असतात. गर्दीत त्यांचं वजन खातं, हायवेला त्यांची छाती.

काचा उघड्या ठेवाव्यात की एसी लावावा, हा वाद घरोघरी चालतो. दोन्ही पक्ष बरोबर आहेत, आपापल्या वेगाला. कडक उन्हात एसी दोन-तीन अश्वशक्ती घेतो. ताशी २५ नं गाडी चालती ठेवायला दीड अश्वशक्तीही लागत नाही. म्हणजे लालबागला आपण गाडी चालवण्यापेक्षा थंड करण्यावर जास्त खर्च करतो. तिथे काचा उघडणं स्वस्त, धूर आणि हॉर्न सोसवत असतील तर. सेतूवर मात्र उघड्या काचेतून हवा आत घुसते, मागच्या काचेवर आपटते आणि ओढ वाढवते. तिथे काचा लावून एसी चालवण्यात फारसा तोटा नाही.

हे सगळं जगाला १९७३ च्या तेलटंचाईत नव्यानं उमगलं. अरब देशांनी तेल अडवल्यावर अमेरिकेनं जानेवारी १९७४ मध्ये कायदा करून देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे आपल्या सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली, आणि ती पेट्रोल वाचवण्यासाठी होती. तो कायदा १९९५ मध्ये रद्द झाला. आपल्याकडे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था वर्षानुवर्षं सांगत आली आहे की ताशी ४५ ते ५५ हा वेग सर्वांत किफायतशीर. त्याचं कारण आता लक्षात येईल. त्याहून हळू गेलात तर इंजिनाचा स्वतःचा पोटखर्च किलोमीटरमागे जास्त बसतो, आणि त्याहून जोरात गेलात तर वारा जागा होतो.

मग शोरूममध्ये सांगतात तो आकडा कुठून येतो? १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेसारख्या ठिकाणी गाडी रुळांवर, म्हणजे फिरत्या रोलरांवर चालवतात. गाडी जागच्या जागी, चाकं फिरतात. वेग ठरलेल्या आलेखाप्रमाणे चढवतात-उतरवतात. आजवर चालत आलेल्या भारतीय आलेखात सर्वांत मोठा वेग ताशी ९० चा, तोही थोडा वेळ. एसी बंद. हवेचा रेटा आधी मोकळ्या धावपट्टीवर, वारा पडलेला असताना, गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ती किती वेळात मंदावते यावरून मोजलेला असतो, आणि तेवढाच अडथळा रोलर देतात. चाचणी प्रामाणिक असते, आणि दोन गाड्यांची तुलना करायला ती उत्तम. पण तिच्यात शिवडीचा वारा नाही, टपावरची ट्रंक नाही आणि सेतूवरचे शंभरही नाहीत.

विजेवरच्या गाड्या आल्या आणि या हिशेबाची वही उलटी झाली. पेट्रोलची गाडी शहरात कमी देते आणि हायवेला जास्त. विजेची गाडी शहरात जास्त देते. ब्रेकचे ते सहा आणे तिची मोटार जनित्र होऊन बऱ्याच अंशी बॅटरीत परत भरते, आणि उभं राहण्याचे चार आणे ती खातच नाही. एसी चालू असेल तेवढाच खर्च. परळहून दादरला रोज ये-जा करणाऱ्याला ती कामधेनू वाटते. तोच माणूस शनिवारी सेतूवरून पुण्याला निघतो आणि ताशी १०० धरतो. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या उधळपट्टीमागे वाऱ्याची चोरी थोडी झाकली जाते. विजेच्या मोटारीची स्वतःची उधळपट्टी अगदी थोडी, त्यामुळे वाऱ्यानं नेलेला प्रत्येक आणा पडद्यावर लगेच दिसतो. ८० नं जितकं अंतर गाठलं असतं, त्यातलं सुमारे चौथा हिस्सा १०० ला कमी होतं, आणि पुढे खंडाळ्याचा घाट चढायचा असतो. बॅटरी लहान असेल आणि जाऊन येऊन एका भरणीत करायचं असेल, तर १०० नं वाचवलेली वीस-पंचवीस मिनिटं फूडमॉलच्या चार्जरपाशी वडापाव खात परत करावी लागतात. चार्जरला रांग असली तर दोन वडापाव.